लिहिणाऱ्याची जागा



अध्यक्षाने आपल्या भाषणात रंगभूमीच्या सगळ्याच प्रश्नांना हात घालावा अशी प्रथा आहे. मी आज एकच प्रश्न घेतो. युद्धकाळात लिहिलेली रोजनिशी नाटकात किंवा चित्रपटात आली, की ती लिहिणाऱ्या माणसाचं काय होतं? हा प्रश्न वर्ध्यात विचारायलाच हवा, कारण गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई याच मातीत राहिले आणि लिहीत राहिले.

आधी सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. अ‍ॅन फ्रँकच्या डायरीवरचं नाटक १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये आलं, चित्रपट १९५९ साली. दोन्ही फ्रान्सिस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट या दांपत्याने लिहिले. अ‍ॅनच्या वडिलांचं कामही दोन्हीकडे जोसेफ शिल्डक्राउट यांनीच केलं. तरी अनुभव वेगळा. रंगमंचावर लपण्याच्या जागेतल्या खोल्या एकाच वेळी समोर असत. एका खोलीत भांडण चाललेलं असताना दुसरीत गप्प बसलेला माणूसही दिसत राही. चित्रपटाचे दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यांच्या वाट्याला मात्र सिनेमास्कोपचा लांबरुंद पडदा आला. आठ माणसांचं कोंडलेपण त्यावर दाखवायचं कसं? त्यांनी चौकटीत खांब आणि तुळया आणल्या, दोन्ही बाजू बुजवल्या आणि पडदा अरुंद करून घेतला. माध्यमाशी अशी झुंज घेणाऱ्या दिग्दर्शकाबद्दल मला फार आदर आहे. हेच स्टीव्हन्स १९४५ साली अमेरिकन सैन्याबरोबर डाखाउच्या छळछावणीत कॅमेरा घेऊन गेले होते. छावणीतल्या अ‍ॅनचं शेवटचं दृश्य त्यांनी चित्रितही केलं होतं, पण चाचणी खेळाच्या प्रेक्षकांना ते सोसलं नाही आणि ते कापलं गेलं. ती कात्री चालायला नको होती. नाटक आणि चित्रपट दोन्ही १५ जुलै १९४४च्या नोंदीतल्या आशेवर येऊन थांबतात. वही मात्र १ ऑगस्टपर्यंत चालू आहे आणि ४ ऑगस्टला धाड पडली.

तरीही अ‍ॅन दोन्हीकडे केंद्रस्थानी राहिली, कारण ती स्वतःबद्दल लिहीत होती. महादेवभाईंचं तसं नाही. १९१७ ते १९४२ अशी पंचवीस वर्षं ते गांधीजींचा शब्द न् शब्द टिपत राहिले. त्या डायरीला १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती. एवढ्या पानांत स्वतः महादेवभाई फार थोडे सापडतात. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. महादेवभाई वर्ध्यातल्या मगनवाडीहून रोज पाच-साडेपाच मैल चालत तिथे जायचे आणि तेवढेच परत यायचे. वर्ध्याचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला मी सांगायला नको. कधी कधी तर दिवसात दोन खेपा होत. हे आपल्याला कळतं ते मुख्यतः त्यांचे चिरंजीव नारायणभाई यांनी लिहिलेल्या चरित्रातून.

कॅमेरा वहीच्या नजरेने बघतो, आणि वही गांधीजींकडे बघते. अ‍ॅटनबरोंचा १९८२चा ‘गांधी’ हा या डायरीचा चित्रपट नव्हे, हे मान्य. पण त्यात महादेवभाई मागच्या रांगेतला एक चेहरा होऊन जातात. आगाखान पॅलेसमधल्या कस्तुरबांच्या मृत्यूचा प्रसंग रोहिणी हट्टंगडींनी अविस्मरणीय केला. त्याच वास्तूत आधी वारलेल्या महादेवभाईंची तशी आठवण प्रेक्षकाच्या मनात राहत नाही. रामू रामनाथन यांनी २००२ साली ‘महादेवभाई’ हे इंग्रजी नाटक लिहिलं. जैमिनी पाठक हा एकटा नट ते उभं करतो. एकपात्रीची ताकद आपल्याला ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’पासून माहीत आहे. इथे एकच नट गांधीजीही बोलतो आणि ते बोलणं टिपून घेणारा माणूसही होतो. टिपणाऱ्याचा थकवा, त्याची भक्ती आणि त्याचा मतभेद प्रेक्षकाला त्याच देहात दिसतो. म्हणूनच माझं मत स्पष्ट आहे : दुसऱ्यासाठी लिहिलेल्या रोजनिशीला नाटकच न्याय देतं.

१५ ऑगस्ट १९४२ रोजी, ‘चले जाव’ आंदोलनातल्या अटकेनंतर सहाव्या दिवशी, महादेवभाई आगाखान पॅलेसमध्ये वारले. गांधीजींनी स्वतःच्या हाताने त्यांना अखेरची आंघोळ घातली. दुसऱ्याच दिवशी त्याच आंदोलनात आपल्या जिल्ह्यात आष्टीला गोळ्या चालल्या. महादेवभाईंची लेखणी थांबली, पण तुरुंग बनलेल्या त्याच पॅलेसमध्ये डॉ. सुशीला नय्यर रोजनिशी लिहीत होत्या. ती ‘बापू की कारावास-कहानी’ या नावाने हिंदीत आली. पुढे त्यांनीच सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. डॉक्टर म्हणून वाचवायचं आणि वाचवता आलं नाही ते रात्री लिहायचं, हे नाटकाचंच द्रव्य आहे.

वर्धा, आर्वी, हिंगणघाटच्या नाट्यसंस्थांना आणि महाविद्यालयांना माझी विनंती आहे. स्पर्धेसाठी मुंबई-पुण्याच्या संहिता मागवण्याआधी या दोन रोजनिशा वाचा. त्यांवर मराठीत, आपल्या वऱ्हाडी कानाने, नाटक लिहा आणि पहिला प्रयोग सेवाग्रामला करा.