रेझ्युमे लिहून घ्यावा का?



राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरज-बेळगावकडून, उद्यान एक्स्प्रेसने पुणे-सोलापूरकडून आपली कितीतरी मुलंमुली बेंगळुरूत उतरतात. बीटीएम लेआउटमध्ये नाहीतर मारतहळ्ळीत पीजी मिळालं की पुढचा प्रश्न उभा राहतो: रेझ्युमे आपणच लिहायचा, की पैसे मोजून कोणाकडून लिहून घ्यायचा? अजून पगार सुरू झालेला नसतो, म्हणजे हे काही हजार रुपये घरूनच येतात. म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं पाहिजे.

लिहून घेण्यात कमीपणा काहीच नाही. मामलेदार कचेरीच्या आवारात टाइपरायटर मांडून बसलेले अर्ज लिहून देणारे आपल्या आधीच्या पिढ्यांनी पाहिले आहेत. त्याहून जुना दाखला लिओनार्दो दा विंचीचा. सुमारे १४८२ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, त्याने मिलानच्या लुदोव्हिको स्फोर्झाकडे काम मागण्यासाठी पत्र तयार केलं. मुद्दे क्रमवार आहेत. हलवता येणारे पूल, वेढा घालण्याची साधनं, तोफा हे आधी; चित्रकला अगदी शेवटी. मिलानला युद्धासाठी काय लागेल हे ओळखून त्याने मांडणी केली. आज उपलब्ध असलेल्या मसुद्यातलं हस्ताक्षर मात्र त्याचं नाही, असं अभ्यासक सांगतात. अक्षर दुसऱ्याचं होतं, पण काय सांगायचं आणि कोणत्या क्रमाने, हे त्याचंच होतं. माझं म्हणणंही एवढंच आहे. हात उसना घ्या, पण आपल्या कामाचा हिशेब स्वतः मांडा.

आता हा कागद जातो कुठे ते पाहू. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये इथे आली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली. त्या काळी अर्ज टपालाने जात. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झालं आणि चित्र पालटलं. आज रिक्रूटर त्याच संकेतस्थळाच्या रेसडेक्स या रेझ्युमेंच्या साठ्यात शोध घेतो: अमुक तंत्रज्ञान, अमुक वर्षांचा अनुभव, बेंगळुरू, नोटीस पीरियड किती. कंपन्यांकडे एटीएस नावाची प्रणाली असते. ती अर्ज साठवते, त्यातला मजकूर वेगळा काढते आणि रिक्रूटरला चाळणी लावू देते. दोन रकाने, तक्ते, चित्रात बसवलेली अक्षरं यांत ती अडखळू शकते. म्हणून साधी एकरकानी मांडणी करा आणि जाहिरातीतल्या ज्या कौशल्यांचं काम तुम्ही खरोखर केलं आहे, त्यांची नावं जशीच्या तशी लिहा. एवढ्यासाठी पैसे लागत नाहीत. ‘तुमचा एटीएस स्कोअर नव्वदवर नेतो’ असं कोणी म्हणालं तर विचारा, कोणत्या कंपनीच्या प्रणालीत? प्रत्येकीची प्रणाली निराळी असते. सगळ्यांना लागू होणारा असा स्कोअर नसतो.

मग पैसे कशाचे? एक ओळ जवळून पाहू. समजा, सांगलीची एक मुलगी तीन वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. तिने लिहिलं आहे, ‘रिस्पॉन्सिबल फॉर टेस्टिंग’. साचेबंद लेखक तिथे ‘डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड प्रोफेशनल’ असं चिकटवून देईल. चांगला लेखक तिला समोर बसवून विचारेल, टेस्टिंग कशाचं? बिलिंगचं. अडचण कधी यायची? महिनाअखेरीला, सगळ्या चाचण्या हाताने करायला दोन दिवस जायचे. मग तू काय केलंस? स्क्रिप्ट लिहिल्या. आता किती वेळ लागतो? चार तास. झाली ओळ तयार: महिनाअखेरच्या बिलिंग चाचण्या ऑटोमेट करून दोन दिवसांचं काम चार तासांवर आणलं. ही माहिती तिच्याकडेच होती. ती सांगण्याजोगी आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे स्वतःविषयी बोललं की फुशारकी मारली असं वाटतं, आणि मुलींना तर ते जास्तच ऐकवलं जातं. खरी किंमत आहे ती असे प्रश्न विचारणाऱ्याची. नोकरी डॉट कॉमच्या फास्टफॉरवर्डसह अनेक सशुल्क सेवा आहेत. कोणतीही घेण्याआधी एकच चौकशी करा, लिहिणारा माझ्याशी बोलणार आहे का, आणि किती वेळ?

फ्रेशरने पैसे देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्याजवळ एक-दोन प्रोजेक्ट, एखादी इंटर्नशिप असते; ती एका पानात तो स्वतः नीट लिहू शकतो. पंधरा वर्षांचा अनुभव दोन पानांत बसवायचा असेल, क्षेत्र बदलायचं असेल, घरासाठी काही वर्षं नोकरी सोडून परत यायचं असेल, तर जाणकाराची मदत पैसे देऊन घेणं योग्य आहे. नोकरीची हमी देऊन पैसे मागणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

आणि अनुभव ‘वाढवून’ देणाऱ्यालाही. नॅसकॉमने २००६ मध्ये नॅशनल स्किल्स रजिस्ट्री उभी केली ती माहिती पडताळण्यासाठीच. २०१४ पासून पीएफला यूएएन आला. कुठे कधी लागलात, कधी सोडलंत, हे एका क्रमांकाखाली दिसतं. बनावट कंपन्यांची अनुभवपत्रं देऊन भारतात नोकरी मिळवणाऱ्यांना काढून टाकल्याचं ॲक्सेंचरने २०२२ मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे अनेक रेझ्युमेंच्या शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापन असतं. त्याखाली सही उमेदवाराची असते. मुलाखतीतही लेखक शेजारी बसत नाही. एखाद्या ओळीवर पाच मिनिटं बोलता आलं नाही, तर ती ओळ काढून टाकावी.

शेवटी एक मागणी. या सभागृहात वर्षानुवर्षं मुलाखती घेतलेली, रेझ्युमे चाळलेली माणसं बसली आहेत. प्रश्न विचारण्याची जी कला बाहेर पैसे देऊन मिळते, ती आपल्याजवळ आहे. महिन्यातला एक रविवार सकाळी दोन तास आपल्या मंडळात या, आणि गावाकडून आलेल्या एकेका मुलाला अर्धा तास द्या. त्याचा रेझ्युमे लिहून देऊ नका. त्याला विचारत राहा आणि लिहू द्या त्यालाच. व्याख्यान संपल्यावर कार्यवाहांच्या टेबलावर वही ठेवलेली असेल. तीत आपलं नाव, क्षेत्र आणि सोयीचा रविवार लिहूनच घरी जावं, ही विनंती.