फॉरेन की अडते तेव्हा

आज आपण फॉरेन कीच्या एररबद्दल बोलणार आहोत.

उदाहरण घेऊ चेन्नईच्या अंबत्तूरचं. तिथली औद्योगिक वसाहत १९६४ सालची, लहान-मध्यम कारखान्यांनी भरलेली. समजा, तिथल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा हिशेब एक्सेलमधून मायएसक्यूएलमध्ये आणायचा आहे. टेबलं दोन : ग्राहक आणि बिलं. बिलातला ग्राहक क्रमांक ग्राहकांच्या टेबलात असलाच पाहिजे, हा नियम म्हणजे फॉरेन की. १९७० साली ई. एफ. कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, त्या लेखातच ही कल्पना आहे.

आता बिलं भरायला घेतली आणि एरर आली : १४५२. अर्थ साधा आहे. बिल आहे, पण त्याचा ग्राहक सापडत नाही. आधी क्रम तपासा. ग्राहक अगोदर, बिलं नंतर. क्रम बरोबर असेल, तर रोख विक्रीची बिलं बघा. एक्सेलमध्ये तिथे बहुधा शून्य टाकलेलं असतं. शून्य क्रमांकाचा ग्राहक कुठून येणार? तिथे नल हवं. कॉलममध्ये नलला परवानगी असेल तर फॉरेन की ते चालवून घेते, शून्य नाही.

बाकीची बिलं शोधायला ती आधी फॉरेन की नसलेल्या तात्पुरत्या टेबलात भरा. मग त्याला ग्राहकांचं टेबल लेफ्ट जॉइनने जोडा आणि जिथे बिलात क्रमांक आहे पण ग्राहकाची बाजू नल येते, त्या ओळी काढा. ही झाली तुमची अनाथ बिलांची यादी. ती घेऊन हिशेबनिसाकडे जा. कोणतं बिल कोणाचं, हे त्यांनाच ठाऊक असतं.

दुसरी एरर ३७८०. ही फॉरेन की बनवतानाच येते. एका टेबलात कॉलम इंट आणि दुसऱ्यात अनसाइन्ड इंट असेल, तर जोडणी होत नाही. दोन्हीकडे प्रकार तंतोतंत सारखा करा. नेमकं कुठे अडलं हे कळत नसेल, तर ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’ चालवा. त्यात शेवटच्या फॉरेन की एररचा तपशील मिळतो.

तिसरी १४५१. ग्राहक काढायला गेलात, पण त्याची बिलं शिल्लक आहेत. इथे ‘ऑन डिलीट कॅस्केड’ लावायचा मोह होतो. तसं केलंत तर ग्राहकाबरोबर त्याची सगळी बिलंही गेली! जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून ग्राहक काढू नका, ‘बंद’ अशी खूण करा.

आता सर्वांत महत्त्वाचं. इंटरनेटवर झटपट उपाय सांगतात : फॉरेन की चेक्स शून्य करा, डेटा भरा, पुन्हा एक करा. एरर जाते खरी. पण पुन्हा एक केल्यावर मायएसक्यूएल आधी भरलेल्या ओळी तपासत नाही. अनाथ बिलं आत तशीच राहतात. मग ग्राहकवार येणी काढली की ती बेरजेतून गळतात, आणि मालकाचे पैसे कोणाकडे अडकलेत ते कळत नाही. चेक्स बंद करावेच लागले, तर नंतर तीच लेफ्ट जॉइनची क्वेरी चालवा. एकही ओळ आली नाही, तरच काम संपलं.

पुढच्या भागात इंडेक्स बघू.