सिंहांचा रोबो आणि अमेरिकेची कात्री



फलकावर विषय वाचून ‘कार्टूनवर व्याख्यान?’ असे कुणीतरी म्हटलेच असेल. पण इथल्या पन्नाशीच्या मंडळींनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ पाहिलेला आहे. मनगटावरच्या घड्याळात बोलून अजस्र रोबोला हाक मारणारा जॉनी सोको आठवा. मूळ जपानी मालिकेत तो दाइसाकु कुसामा. १९६७ सालच्या त्या मालिकेला अमेरिकेत इंग्रजी आवाज चढले, पोराचे बारसे झाले आणि ती इंग्रजी प्रत आपल्याकडे आली. ते कार्टून नव्हते, त्यात खरी माणसे होती; पण धंद्याची रीत हीच.

अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांना शाळा सुटण्याच्या वेळेला सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग लागे. पाच दिवस गुणिले १३ आठवडे म्हणजे ६५ भाग. नवे कार्टून काढायचे तर खर्च डोईजड. जपानमध्ये मात्र ‘माझिंगर झेड’पासून रोबोंच्या मालिकांची रास पडलेली होती. शिवाय रोबो म्हणजे खेळणे, आणि १९८४ मध्ये अमेरिकी सरकारने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची मर्यादा उठवलेली. मग काय विचारता!

सेंट लुईसच्या वर्ल्ड इव्हेंट्स प्रॉडक्शन्सने जपानच्या तोएई कंपनीकडे सिंहवाली मालिका मागितली. त्यांच्या मनात होती ‘डाल्टॅनियस’, त्या रोबोच्या छातीवर सिंह आहे. आली ‘गोलायन’, १९८१ची, पाच सिंह जोडून एक रोबो होतो ती. ती त्यांना जास्तच आवडली. पण जपानी समजणार कोण? तेव्हा चित्रे पाहून कथानकाचा अंदाज बांधला गेला आणि जेमसन ब्रुअर या लेखकाकडून संवाद सर्वस्वी नवे लिहून घेतले गेले. सप्टेंबर १९८४ मध्ये ‘व्होल्ट्रॉन’ पडद्यावर आला आणि तुफान चालला.

‘गोलायन’ची सुरुवात भीषण आहे. अंतराळातून परतलेल्या पाच तरुणांना दिसते, की अणुयुद्धात पृथ्वी बेचिराख झाली आहे. घर नाही, माणूस नाही. वर ते गुलाम म्हणून पकडले जातात. हिरोशिमा पाहिलेल्या देशाने आपल्या मुलांसाठी लिहिलेली ही गोष्ट. ‘व्होल्ट्रॉन’मध्ये पृथ्वी धडधाकट आहे आणि हे पाच जण कामगिरीवर पाठवलेले वीर आहेत. युद्धात मरणारे शत्रुसैनिक यंत्रमानव ठरवले, म्हणजे त्यांचे सुतक नको. पाचांपैकी ताकाशी शिरोगाने सुरुवातीच्याच एका भागात मारला जातो. अमेरिकेत त्याचे नाव स्वेन, आणि तो मरत नाही, उपचारासाठी दुसऱ्या ग्रहावर जातो. (आपल्या मालिकांत नट सोडून गेला की त्याचे पात्र परदेशी जाते, तसलाच हा इलाज.) मूळ कथेत पुढे त्याचा भाऊ येतो, अमेरिकेत तोच बरा झालेला स्वेन! एका मरणावर पांघरूण घालायचे तर दोन माणसांचा एक माणूस करावा लागला.

१९८५ साली हार्मनी गोल्ड कंपनीच्या कार्ल मेसेक यांनी वेगळा उद्योग केला. ‘मॅक्रॉस’ या जपानी मालिकेचे भाग ३६, म्हणजे ६५ला पुरेसे नाहीत. त्यांनी ‘सदर्न क्रॉस’चे २३ आणि ‘मोस्पीडा’चे २५ भाग घेतले आणि त्या तीन असंबद्ध मालिकांची गोधडी शिवली. तीच ‘रोबोटेक’. तिन्ही मिळून तीन पिढ्यांची एकच गोष्ट वाटावी म्हणून ‘सदर्न क्रॉस’ची नायिका चक्क ‘मॅक्रॉस’मधल्या जोडप्याची लेक केली. जपानी रसिकांना संताप येईल असे हे काम, आणि तो रास्तही आहे.

पण मेसेक यांनी मरण कापले नाही. ‘मॅक्रॉस’मधला वैमानिक रॉय फोकर लढाईतून जखमी होऊन येतो. आपल्याला लागले आहे हे सांगत नाही. प्रेयसी क्लॉडियाच्या घरी गिटार घेऊन बसतो, ती आत अननसाचे सॅलड करत असते, आणि तो कोसळतो. परतत नाही. शाळेतून येऊन दप्तर टाकून बसलेल्या अमेरिकी मुलांनी हे पाहिले, आणि आज प्रौढ झालेली ती मुले अजून त्या भागाबद्दल बोलतात.

म्हणून मला मुळाशी एकनिष्ठ राहण्याचा मुद्दा दुय्यम वाटतो. मेसेक यांनी मोडतोड अधिक केली, तरी मी कौल त्यांनाच देईन. मुलांना दुःख झेपते, हे त्यांनी गृहीत धरले. ‘व्होल्ट्रॉन’वाल्यांनी धरले नाही.

या गोधडीपायी हक्कांचे भांडण मात्र दशकानुदशके चालले. ‘मॅक्रॉस’च्या पुढच्या बहुतेक मालिका त्यामुळे जपानमध्येच अडकून पडल्या. २०२१ साली समझोता झाला आणि वाट मोकळी झाली. जमल्यास मुलांना शेजारी बसवून रॉय फोकरचा तो भाग दोन्ही रूपांत पाहा, आणि त्यांना काय वाटले ते आधी त्यांनाच बोलू द्या.