'पाठलाग'च्या पडद्यामागे



विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मघाशी गॅदरिंगमध्ये तुमची रहस्यनाटिका रंगात आली, तेव्हा माझं लक्ष विंगेत होतं. नेमक्या क्षणी दिवे घालवणारी, पावलांचा आवाज काढणारी मुलं तिथं घामाघूम झाली होती. म्हणून आज १९६४ सालच्या 'पाठलाग'बद्दल बोलतो. मराठी रहस्यपटांत मी त्याला पहिला नंबर देतो.

दिग्दर्शक राजा परांजपे. 'लाखाची गोष्ट', 'पेडगावचे शहाणे' काढून महाराष्ट्राला पोट धरून हसवणारा माणूस. त्यांनी इथं जयंत देवकुळे यांची 'आशा परत येते' ही कादंबरी घेतली. वकिलाची बायको वारते. पुढे पोलिसांनी पकडलेली एक बाई त्यालाच म्हणते, मीच तुमची आशा! कादंबरीच्या नावातच ही गाठ उघडी होती. सिनेमाच्या नावानं ती झाकली. शेवट सांगत नाही, घरी बघा.

वकील झाले काशिनाथ घाणेकर, शिक्षणानं दातांचे डॉक्टर. दुहेरी भूमिकेत भावना. एकच नट दोनदा एका चौकटीत दाखवायचा, तर तेव्हा संगणक कुठला? कॅमेरा जाम बसवायचा. भिंगाचा अर्धा भाग झाकून एक बाजू घ्यायची. मग फिल्म मागे गुंडाळून, दुसरा अर्धा झाकून, त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण. नटानं बोलायचं रिकाम्या जागेशी. दिवा बोटभर सरकला तरी मधला सांधा दिसायचा, आणि तोही फिल्म धुऊन आल्यावर!

आणि या सिनेमातलं गाणं. शब्द गदिमांचे, चाल दत्ता डावजेकरांची, आवाज आशा भोसले यांचा. एरवी रहस्यपटात गाणं आलं की ताण सैल पडतो. इथं गाण्यानंच अंगावर काटा येतो. पुढे १९६५ साली तमिळमध्ये 'इदयकमलम' आणि १९६६ साली राज खोसलांचा हिंदी 'मेरा साया' याच कथेवर निघाले. हिंदीत मदन मोहन यांनी चाल नवी बांधली, पण कथेतली गाण्याची ती जागा कायम राहिली.

'मेरा साया'तले साधना, सुनील दत्त तुमच्या आजी-आजोबांना आजही आठवतात. ज्यांच्या लेखणीतून हे सगळं निघालं त्या देवकुळ्यांचं नाव मात्र या मंडपात किती जणांनी ऐकलंय? मला हे फार खुपतं.

म्हणून मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती आहे. पुढच्या गॅदरिंगच्या कार्यक्रमपत्रिकेत नाटिका लिहिणाऱ्याचं, दिवे सांभाळणाऱ्यांचं आणि पडदा ओढणाऱ्याचं नाव कलाकारांच्या बरोबरीनं छापा.