शाळेबाहेरची शाळा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विद्यार्थ्याने समाजात मिसळून शिकावे, असे हल्ली नव्या धोरणाच्या नावाने सांगण्यात येते. करवीरकरांस त्याचे नवल वाटू नये. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान अशी वसतिगृहे निघाली. अस्पृश्य गणलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झाले. दरबाराने आश्रय द्यावा, समाजाने वर्गणी जमवून कारभार पाहावा, अशी ती वाटणी होती.

जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी मात्र पुढचे पाऊल टाकले. १९२४ साली साताऱ्यास त्यांनी काढलेल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत व आपले अन्न आपण शिजवीत. ज्ञातीच्या भिंतीआड शिकणे आणि सर्वांत मिसळून शिकणे यांत अंतर आहे, हे आपल्या मंडळाने ध्यानी घ्यावे.

१९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना चालू आहे. वर्षास १२० तास काम व खेड्यात सात दिवसांचे शिबिर, असा तिचा नेम. आम्ही मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, तेव्हा महाविद्यालयांस काय शिकवणार! तरी पाहिले ते सांगतो. पुष्कळ ठिकाणी मुले देवळाचे आवार झाडतात, गावकरी कट्ट्यावर बसून पाहतात, छायाचित्र निघते. गावाला काय हवे, हे कोणी विचारीतच नाही.

याउलट दूध संस्थेचे पाहा. आपल्या जिल्ह्यात ती गावोगाव आहे. सकाळी दूध मोजले जाते, फॅट तपासली जाते, तीवरून दर ठरतो. चार दिवस मुलगा तेथे सचिवाजवळ बसला, तर शेकडेवारी व दशांश त्याच्या अंगी मुरतील. शिवाय आईच्या म्हशीच्या दुधाचा हिशेब तिला वाचून दाखवील, त्यात चूक असल्यास विचारील. येथे संस्थेचाही लाभ आहे, मुलाचाही आहे. म्हणूनच ही भागीदारी.

आमची सूचना एवढीच. या वर्षीच्या शिष्यवृत्तीधारकांनी आपल्या मंडळाचा जमाखर्च लिहावा, मात्र तेवढ्यावर थांबू नये. प्रत्येकाने परज्ञातीच्या एका तालमीत, बचत गटात किंवा दूध संस्थेत, त्यांना विचारून, महिनाभर काम करावे. काही पालक म्हणतील, अभ्यास बुडेल. त्यांनी सभेनंतर आम्हांस भेटावे. आम्ही येथेच आहोत.