टिक्क्याचे ठिपके आणि पानातला जाळ



भुईमूग महिन्या-सव्वामहिन्याचा झाला, पावसाची झड लागली, की खालच्या पानांवर तपकिरी ठिपके उमटतात. भोवती पिवळे कडे. हाच टिक्का. मागाहून काळ्या ठिपक्यांचा प्रकारही येतो. पाने गळतात, झाड उघडे पडते आणि दाणा बारीक राहतो. पण एकाच बांधाला लागून असलेल्या दोन वाणांपैकी एक करपतो, दुसरा तग धरतो, हेही तुम्ही पाहिले असेल. असे का व्हावे?

बुरशी आत शिरली की पान गप्प बसत नाही. प्राणवायूपासून ते जहाल द्रव्ये तयार करते. त्यांतले एक हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला आपण आणतो तेच. हा शत्रूवर टाकलेला जाळ. पण जाळ आपल्याच गोठ्याला लागला तर? टिक्क्याची बुरशी मेलेल्या पेशींवर पोसते; पान स्वतःच जळाले, तर तिचे आयतेच फावते.

म्हणून हा जाळ आवरणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, पानात असतात. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे त्यांतले एक. त्याचे हे काम अमेरिकेत मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी 1969 साली दाखवले. ते पहिल्या जहाल द्रव्याचे पेरॉक्साइड करते. कॅटलेज त्या पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू करून टाकते. पेरॉक्सिडेज मात्र मोठे धोरणी! तेच पेरॉक्साइड वापरून ते पेशीची भिंत लिग्निनने पक्की करते. लाकडाला कठीणपणा येतो तो याच द्रव्याने. टिकाऊ वाणांत ही कामे बहुधा लवकर आणि जोरात सुरू होतात. अर्थात प्रतिकाराचे हे एकच कारण नव्हे.

गुरुजी, वर्गात एक हिरवे पान ठेचा आणि त्यावर औषधाच्या दुकानातल्या पेरॉक्साइडचे चार थेंब टाका. फेस येईल. दुसरे पान दहा मिनिटे उकळून मग ठेचा. फेस जवळजवळ येणार नाही, कारण उकळण्याने विकर मोडते. थेंब डोळ्यांत जाऊ देऊ नका, एवढे मुलांना आधी सांगा.

हल्ली बाटलीतली ‘प्रतिकारशक्ती’ घेऊन लोक बांधावर येतात. पैसे मोजण्याआधी कृषी विद्यापीठाची शिफारस दाखवा म्हणावे. पानाची विकरे पानच घडवते, आणि ती किती चपळ, हे बरेचसे बियाण्यात ठरते. तेव्हा टिक्का सोसणारा, शिफारशीचा वाण पेरा. गेल्या हंगामाचा पाला रानात ठेवू नका, बुरशी त्यातच दबा धरते. भुईमुगावर भुईमूग न घेता मध्ये ज्वारी-बाजरी घ्या. आणि पाहणी करताना शेंडा पाहून परतू नका. बुडाची पाने उलटून पाहा.