तयारीचा उंबरठा

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या वार्षिक उत्सवात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून पुस्तकांविषयी तक्रार करणे हे तसे औचित्याला धरून नाही. तरीही आज एक कबुली द्यावीशी वाटते. माझ्या घरी कपाटाचा एक संपूर्ण कप्पा आत्मविकासाच्या पुस्तकांनी भरलेला आहे. दर पाडव्याला मी नवी दैनंदिनी आणतो, पहिल्या पानावर संकल्प लिहितो. पहाटे उठणे, मनन, शिस्त, वेळेचे नियोजन. आज पन्नाशी उलटली, तरी माझी तयारी चालूच आहे!

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशींनी मला विचारले, ''भाऊ, मला सही करायला शिकवाल का? बँकेत अंगठा उठवताना मान खाली जाते.'' मी तत्काळ होकार दिला. परंतु प्रौढांना शिकवायचे तर त्याचे शास्त्र समजून घ्यायला हवे, असे मनाने घेतले. दोन पुस्तके आणली, टिपणे काढली, वेळापत्रक आखले. ''मावशी, दिवाळीनंतर बसू,'' असे सांगितले. अशा दोन दिवाळ्या गेल्या. एके दिवशी मावशींनी एक कागद माझ्यापुढे धरला. वेड्यावाकड्या, पण स्पष्ट अक्षरांत त्यांचे नाव लिहिलेले होते. पाचवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने पाटी-पेन्सिल घेऊन चार संध्याकाळी ओट्याशेजारी बसून त्यांना शिकवले होते. मावशींनी अगदी सरळपणे विचारले, ''तुमचं वाचून झालं का हो, भाऊ?'' त्या प्रश्नात उपरोध नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला. माझ्या तयारीची किंमत दोन वर्षे त्यांनी मोजली होती.

असे का होते? तयारीत अपयश नसते, हे त्याचे खरे कारण आहे. पुस्तक वाचताना कुणी आपल्याला हसत नाही, संकल्प लिहिताना कुणी नकार देत नाही. किंबहुना, काहीतरी केल्याचे समाधान फुकट पदरात पडते. आत्मोन्नतीची इच्छा पवित्रच आहे, पण ती कर्तव्यापासून लपण्याची जागा झाली, तर तो केवळ सभ्य आळस ठरतो.

या संदर्भात मला महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र पुन्हा पुन्हा आठवते. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाचे काम आरंभिले, तेव्हा ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. हाती ना संपत्ती होती, ना सत्ता. स्वभावाने ते संकोची आणि मितभाषी. आजच्या भाषेत सांगायचे तर 'नेतृत्वगुण विकसित करण्याचे' शिबिर प्रथम त्यांनीच करायला हवे होते! त्यांनी तसे काही केले नाही. आश्रम हिंगण्याला गेला, त्याचा आरंभ एका साध्या झोपडीत झाला. महाविद्यालयाचे काम आटोपले की कर्वे पायी कच्च्या वाटेने तेथे जात आणि शिकवीत. त्या रोजच्या पायपिटीतच त्यांची शिस्त घडली. आधी शिस्त आणि मग पायपीट, असा क्रम नव्हता.

पुढे जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. १९१५च्या अखेरीस सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आपल्याकडेही असे विद्यापीठ असावे, ही कल्पना मांडली, आणि १९१६ साली ते सुरूही केले. विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच! सरकारची मान्यता नव्हती. विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाख रुपयांची देणगी जाहीर झाली ती १९२० साली, आणि वैधानिक मान्यता मिळाली ती १९५१ साली. मान्यतेची वाट पाहून आरंभ करायचा असता, तर ३५ वर्षे थांबावे लागले असते. त्या काळातील मुलींच्या पिढ्यांनी काय केले असते?

याचा अर्थ तयारी व्यर्थ आहे, असा मुळीच नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याने आधी शिकलेच पाहिजे. कर्वेही आपला विषय जाणणारे अध्यापक होते. परंतु जे काम आपल्याला आजही थोडेबहुत येते, ते उत्तम येईपर्यंत अडवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. काम करता करता उणिवा कळतात, आणि मग त्या उणिवेपुरते नेमके पुस्तक शोधण्यासाठी या ग्रंथालयाची पायरी चढावी. तेव्हा वाचलेली दहा पानेही अंगी लागतात.

१९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, कर्व्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षण पोहोचविण्यासाठी नवे मंडळ स्थापन केले. तेव्हा 'आता वय झाले' ही सबब आपल्यापैकी कुणालाच उरत नाही.

मित्रहो, आज घरी गेल्यावर नवा संकल्प लिहू नका. 'तयारी झाली की करू' म्हणून आपण ज्याला थांबवून ठेवले आहे, अशी एक व्यक्ती आठवा. आपल्या प्रत्येकाच्या परिचयात अशी एक मावशी आहे. उद्या संध्याकाळी तिच्याकडे जा. आपण अपुरे आहोत, हे तिला ठाऊक आहे आणि तिची त्याला हरकत नाही.